कॅनन ५० एमएम एफ १.८ लेन्स आणि एम मोड: दीड वर्ष माणसांचे फोटो काढून झाल्यावर लिहितेय

आमचं सासवडचं घर जुनं आहे, माळवदाचं, उजेड येतो तो पुढच्या दारातून आणि एका छोट्या खिडकीतून तेवढाच. आजी सकाळी उंबऱ्याच्या आत पाट टाकून मेथी निवडत बसते आणि तिचा तसा फोटो मला कितीतरी महिने हवा होता पण मिळतच नव्हता. कॅनन २००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स (तिलाच किट लेन्स म्हणतात), ऑटोवर टाकून काढला की एकतर बाहेरचं अंगण छान आणि आजी काळीठिक्कर, नाहीतर फ्लॅश आपोआप वर येऊन चेहरा पिठासारखा पांढरा. आजी सावळी आहे आणि तिच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे, आता फिकट झालंय पण जवळून नीट दिसतं. त्या फ्लॅशच्या एकाही फोटोत ते गोंदण नव्हतं. मला ते फार लागलं. म्हणून ही लेन्स घेतली, आणि तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे, उजेड कुठलाही असो, फोटोत गोंदण दिसलं पाहिजे.

लेन्सबद्दल आधी थोडक्यात. ही २०१५ ची एसटीएम वाली, म्हणजे फोकससाठी आत स्टेपिंग मोटर असलेली. हिच्या आधीची १९९० पासूनची होती, तिचा माउंट (कॅमेऱ्याला बसणारी कडी) प्लास्टिकचा आणि आतलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी पाती पाच, त्यामुळे मागचे दिवे पंचकोनी यायचे. हिचा माउंट धातूचा आहे, पाती सात आणि गोलसर, फिल्टर ४९ एमएमचा बसतो, वजन १६० ग्रॅम म्हणजे गळ्यात कॅमेरा आहे हेही विसरायला होतं. जवळात जवळ ३५ सेंटीमीटरवर फोकस होतो. जुनी सेकंडहँड स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात पण माझं मत, थोडे जास्त घाला आणि हीच घ्या.

खरी गोष्ट त्या एफ १.८ ची आहे. हा आकडा त्या भोकाचा, म्हणजे ॲपर्चरचा, आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि उजेड जास्त. किट लेन्स ५० च्या आसपास झूम केली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. १.८ आणि ५.६ मध्ये उजेडाचा फरक जवळजवळ दहा पट पडतो. दहा पट! म्हणजे जिथे आधी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० लावून चेहऱ्यावर नुसती वाळू दिसायची तिथे आता ८०० च्या आत भागतं.

पण लेन्स बदलली तरी ऑटोवर पहिले दोन दिवस तेच झालं, आजी काळीच. कारण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला आजी माहीत नाही, त्याला फक्त एवढंच माहीत की समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडीएवढं उजळ असावं. पांढरंशुभ्र अंगण दिसलं की तो सगळंच दाबतो, मागे काळोखी भिंत असली की सगळंच उजळवतो आणि चेहरा जळतो. तेव्हा मी डायल एम वर नेला आणि आता बहुतेक वेळा तो तिथेच असतो. मॅन्युअल म्हटलं की लोक घाबरतात, पण माणसांच्या फोटोसाठी ते उलट सोपं पडतं, कारण चेहऱ्यावरचा उजेड बदलला नाही तर सेटिंगही बदलायचं नाही, मागे पांढरी भिंत येवो नाहीतर काळी म्हैस. २००डीला फिरवायचं चाक एकच आहे, नुसतं फिरवलं की शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) आणि एव्हीचं बटण दाबून धरून फिरवलं की ॲपर्चर, चार दिवसात बोटांना सवय होते.

मी काय करते ते सांगते. मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे फ्रेममधल्या मधल्या छोट्या भागापुरतंच मोजेल असं टाकते, चेहऱ्यावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात माझा तळहात धरते, त्याच्यावर कॅमेरा रोखते आणि मीटरचा काटा शून्याच्या एक घर उजवीकडे, म्हणजे +१ वर येईल असं शटर लावते. तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो, आणि माणूस गोरा असो की सावळा, चेहऱ्याच्या मानाने तळहातांत फरक बराच कमी असतो. म्हणजे मोजमाप उजेडाचं होतं, माणसाच्या रंगाचं होत नाही. मग आजी सावळी येते आणि माझी मावशी गोरी येते, दोघी एका फोटोत जशा आहेत तशाच. सावळ्या माणसाचा चेहरा काळा येतोय म्हणून एक्सपोजर वर ओढून त्याला गोरं करून टाकायची जी सवय आपल्याकडे आहे ना, लग्नाच्या अल्बममध्ये तर सर्रास, ती मला अजिबात पटत नाही. त्यात कातडीवरची चमक जाते, सुरकुत्या जातात, गोंदण जातं, माणूसच जातो.

तर मेथीचा फोटो. आजीला हलवलं नाही, मीच हलले. आधी मी आत उभी राहून दाराकडे तोंड करून काढायचे, आता भिंतीकडेला बसले, म्हणजे दाराचा उजेड तिच्या डाव्या गालावर आडवा पडतो आणि उजवी बाजू हळूहळू अंधारात जाते. एफ २, शटर १/१२५, आयएसओ ४००. पहिल्यांदा स्क्रीनवर गोंदण दिसलं, हातातल्या मेथीच्या काड्या दिसल्या, नखात अडकलेली मातीसुद्धा दिसली. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग सावरणारं सेटिंग) शेडवर ठेवला होता कारण सावलीतला उजेड निळसर असतो आणि निळ्या उजेडात सावळी कातडी राखेसारखी दिसते. मला कधी दार मागे ठेवूनच फोटो हवा असतो, तेव्हा हात आखडता न घेता चेहऱ्याचं सेटिंग लावते आणि मागचं अंगण जळून पांढरं होऊ देते. मात्र थेट उन्हाकडे लेन्स असली की फोटोवर धुरकट पांढुरकेपणा येतो, त्यासाठी हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायची झापड, लागतो आणि तो डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, ईएस-६८ नावाचा. घ्याच.

दुपारच्या उन्हात ही लेन्स घेऊन लोक हमखास फसतात. एफ १.८ आहे म्हणून दुपारी बारालाही १.८ वरच काढायला जातात आणि सगळं पांढरं येतं. २००डीचा शटर १/४००० च्या पुढे जात नाही, आणि भर उन्हात आयएसओ १०० ला १.८ वर साधारण १/१०००० लागतो, तो आणायचा कुठून? एफ ४ आणि १/२००० करा, बरोबर येतं. पण खरं सांगायचं तर बाराच्या उन्हात सेटिंग बरोबर असूनही डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात, त्यावर इलाज कॅमेऱ्यात नाही, माणसाला झाडाखाली नाहीतर पडवीत घ्या, एफ २.८ आणि १/५०० पासून सुरू करा. समोर उन्हात पांढरी भिंत किंवा फरशी असेल तर फारच उत्तम, तिच्यावरून उजेड चेहऱ्यावर खालून उसळतो. जेजुरीला सोमवती अमावस्येला गेले होते तेव्हा पायऱ्यांवर भंडारा इतका पडलेला की सगळ्यांचे चेहरे खालून पिवळे उजळलेले. तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवला की कॅमेरा तो पिवळा कमी करायला बघतो, मी डेलाइटवर ठेवला आणि पिवळा आला तसा येऊ दिला, जेजुरीचा फोटो पिवळाच पाहिजे. आणि भंडारा उडत असताना लेन्स बदलू नका हो, ती पूड सेन्सरवर बसली की सर्व्हिसिंगशिवाय गत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो आषाढी वारीतला उजेड. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे येते तेव्हा बहुतेक आभाळ भरलेलं असतं, सावली कुठेच कडक पडत नाही, माणूस कुठल्याही बाजूने उभा असला तरी चेहरा मऊ दिसतो. एफ २.८, १/५००, आयएसओ १०० नाहीतर २००, आभाळ दाटलं तर ४००, एकदा लावलं की तास तास हात लावावा लागत नाही. तिथे अडचण वेगळी, टोपी पांढरीशुभ्र, धोतर पांढरं आणि चेहरा उन्हापावसात रापलेला. ऑटोवर पांढऱ्याला बघून कॅमेरा सगळं दाबतो आणि वारकऱ्याचे डोळेच दिसत नाहीत. मी आधी तळहाताने मोजते, एक फोटो काढते आणि स्क्रीनवर टोपी लुकलुकतेय का बघते, लुकलुकली म्हणजे तिथलं कापड जळालं, त्याची वीण आता परत येणार नाही, मग शटर एक-दोन टिचक्या वेगवान करायचा. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा जपणारी फाइल) काढला असेल तर चेहरा नंतर थोडा वर उचलता येतो, जळालेली टोपी मात्र परत मिळत नाही. चालत्या माणसाला १/२५० च्या खाली जाऊ नका, टाळ वाजवणारा हात स्थिर हवा असेल तर १/५०० तरी.

आता जे चुकलं ते. चुलतबहिणीचा साखरपुडा, हॉलमध्ये, रात्री. मी मोठ्या हौसेने सांगितलं होतं की फोटो मी काढते. लेन्स एफ १.८, उजेड भरपूर वाटत होता, म्हणून शटर १/५०० लावला की कोणी हललं तरी बिघडायला नको. दोन-अडीचशे फोटो काढले आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले तर निम्म्याहून जास्त फोटोंत चेहऱ्यावरून आडवे काळे-पिवळसर पट्टे गेलेले. अंगठी घालतानाच्या फोटोत पट्टा बरोबर दोघांच्या डोळ्यांवरून. रात्रभर झोप नाही लागली. कारण नंतर कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही पण १/५०० चा शटर त्यातला तुकडाच पकडतो. १/१०० लावला की एक लाटेची पूर्ण वाढ-घट पकडली जाते, १/५० ला दोन, पट्टे जातात. तेव्हापासून घरात, हॉलमध्ये, मंडपात माझा शटर १/१०० ला बांधलेला, ॲपर्चर एफ २ ते २.८ आणि कमी-जास्त करायचं ते आयएसओने, घरच्या ट्यूबखाली साधारण १६०० लागतो. ज्या क्षणी हालचाल थांबते तेव्हा दाबायचं, हळद लावताना हात गालावर टेकला की, घास भरवताना तोंडाशी आला की, अशा वेळी १/१०० पुरतो.

मंडपातले जांभळे-निळे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे) वेगळंच प्रकरण आहे. ते कधीकधी भलत्याच वेगाने लुकलुकतात, त्यामुळे १/१०० ची खात्री नाही, आधी दोन-तीन फोटो काढून झूम करून बघावं. आणि त्या उजेडात बाकीचे रंग मुळात नसतातच, व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, हळदीचा पिवळा परत येत नाही. मी आता सरळ मंडपवाल्याला विनंती करते की दादा विधी होईपर्यंत पांढरे तेवढे लावा, आणि ते लावतात, अजून कोणी नाही म्हणालं नाही. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात दिवसा सगळे चेहरे लाल येतात, तिथे एक पांढरा कागद चेहऱ्याजवळ धरून त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावायचा, एक मिनिटाचं काम आहे.

देवापुढच्या समईच्या उजेडात मात्र या लेन्सने मला जे दिलं ते किट लेन्सने कधीच दिलं नसतं. एफ १.८, १/६०, आयएसओ ३२००, घरातले बाकीचे सगळे दिवे बंद, कारण समईचा केशरी उजेड आणि ट्यूबचा पांढरा एकत्र आले की अर्धा चेहरा निळा दिसतो. लेन्सला स्टॅबिलायझर नाही आणि या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणून १/६० ला कोपर पोटाशी दाबून, श्वास धरून काढावं लागतं. अंधारात फोकस पुढे-मागे भटकतो, मी व्ह्यूफाइंडर सोडून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढायची सोय) लावते आणि बोटाने ज्योतीकडचा डोळा दाखवते, तसं जास्त अचूक लागतं. चौदा फोटो काढले, त्यातले तीन शार्प. एक आठ बाय बाराचा छापून आणला. आजीने तो बराच वेळ उजेडाकडे धरून बघितला आणि कपाळावरून बोट फिरवत म्हणाली, हे माझ्या आईने जत्रेत गोंदवलं होतं. मला ही गोष्ट त्याआधी माहीतच नव्हती.

१.८ वर फोकसची जागा किती बारीक असते ते ध्यानात ठेवा. दीड मीटरवर माणूस असेल तर शार्प पट्टा साधारण सहा सेंटीमीटरचा, म्हणजे डोळा शार्प आणि कान मऊ. एकट्या माणसाला चालतं, दोघे मागेपुढे बसले असतील तर एक नक्की जातो. तीन मीटर मागे या, एफ ४ करा, मग पट्टा अर्ध्या मीटरच्या वर जातो आणि दोघंही येतात. १.८ वर उन्हाच्या कडेने केसांवर जांभळट रेघ येते, २.८ ला ती बरीच कमी होते.

निकॉनवाल्यांनी डी३५०० किंवा डी५६०० असेल तर ५० एमएम एफ १.८ जी घ्यावी, स्वस्त दिसते म्हणून डी वाली घेऊ नये, त्या कॅमेऱ्यांत मोटर नसल्याने तिचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननचा मिररलेस असेल तर आरएफची वेगळी ५० एफ १.८ आहे, ॲडॅप्टर असेल तर हीसुद्धा चालते.

ज्यांना फक्त घरगुती कार्यक्रमातले ग्रुप फोटो हवेत त्यांनी मात्र ही घेऊ नका. तीन मीटरवरून रुंदीत जेमतेम सव्वा मीटर मावतं, म्हणजे तीन माणसं खांद्याला खांदा लावून. परवा बारशाला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावूनही पाळण्याभोवतीच्या बायका बसेनात, शेवटी किट लेन्स लावली, १८ वर नेली, एफ ४, १/१००, आयएसओ ३२००, आणि सगळ्या आल्या.