बेटावरचा माणसाचा हात टिपायचाय? ग्रँड आयलंड, साव जासिंतो, दिवाडी की चोडण

'बेटांच्या भूभागावर माणसाचा परिणाम' असा विषय फोटोग्राफीच्या प्रकल्पाला मिळाला की गोव्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ग्रँड आयलंडचं. निळं पाणी, सहलीच्या बोटी, लाटांवर तरंगणारी बाटली. फोटो डोक्यात आधीच तयार असतो, जाऊन फक्त काढून आणायचा. माझं मत विचाराल तर यादीत ते नाव शेवटी ठेवा. कचऱ्याचा फोटो खोटा नसतो, पण त्यातून एवढंच कळतं की कुणीतरी येऊन गेलं. भूभाग कसा बदलला, कुणी बदलला, कशासाठी बदलला, हे त्यात दिसत नाही. आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

पणजीत राहणारा विद्यार्थी बेट शोधायला निघतो तेव्हा तो उभाच असतो बेटावर. मांडवी, झुआरी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेली तिसवाडी म्हणजे बेटच. पणजी-रायबंदर हा तीन किलोमीटरच्या आसपासचा बांधरस्ता १६३३-३४ मधला. त्यावरून रोज बसमधून जाणाऱ्याला आपण जवळपास चारशे वर्षांपूर्वीच्या 'मानवी परिणामा'वरून चाललोय असं कुठे वाटतं? बदल जुना झाला की तो निसर्गच वाटायला लागतो. प्रकल्पाला धार आणायची तर हे ध्यानात ठेवून बेट निवडा.

दोन नावं आधीच बाजूला काढू. अंजदीव हे कारवारसमोरचं पण गोव्यात मोडणारं बेट. नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पात लाटा अडवणाऱ्या बांधाने ते किनाऱ्याला जोडलं गेलं. विषयाला याहून चोख उदाहरण मिळणार नाही, पण ते नौदलाच्या ताब्यात आहे, तेव्हा कॅमेऱ्याचा विचारही नको. दुसरं पाळोळ्याच्या उत्तर टोकाला असलेलं काणकोणचं बेट. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, एका दुपारपुरतं छान आहे. सेमिस्टरभर पुरेल इतकं तिथे नाही.

राहिली चार.

ग्रँड आयलंड मुरगावच्या भूशिराबाहेर खुल्या समुद्रात आहे. तिथे प्रवाळ आहे, बुडालेल्या जहाजांचे अवशेष आहेत, त्यामुळे स्कूबावाल्यांची वर्दळ असते. पण पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे जूनमध्ये सुरू होणारं सेमिस्टर अर्धं वाया. हंगामातही वेळ बोटवाल्याची, उजेड तुमच्या नशिबाचा. हलत्या बोटीतून काल काढलेली चौकट आज पुन्हा मिळवणं जवळजवळ अशक्य. खरी हानी होते ती पाण्याखाली, प्रवाळावर पडणाऱ्या नांगरांनी आणि गाळाने. ती टिपायची तर डायव्हिंग यायला हवं आणि कॅमेऱ्याला पाण्याखालचं कवच हवं. दोन्ही असेल तर जरूर जा, मग माझं काही म्हणणं नाही. नसेल तर वरवरचे फोटो घेऊन परत याल.

साव जासिंतोचं अगदी उलट. वास्को-कुठ्ठाळी रस्त्याला लागून झुआरीत असलेलं हे टीचभर बेट, छोट्या पुलावरून पायी जाता येतं. कपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर, दीपगृह, थोडी घरं, झाडी. आजूबाजूला नदीत बार्जेस, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, काठावर जहाजबांधणीचे कारखाने, डोक्यावरून दाबोळीला उतरणारी विमानं. एका शनिवार-रविवारात प्रकल्प उरकायचा असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. इथे एक धागा फार थोडे जण पकडतात. शेजारच्या चिखलीच्या खाडीत चपटे, अर्धपारदर्शक शिंपले सापडतात. जुन्या गोंयकार घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले असतात तेच हे. आता त्यांना कायद्याने संरक्षण आहे. एका चौकटीत जुन्या खिडकीतून गाळून आलेला दुधी उजेड, दुसरीत ओहोटीची खाडी, तिसरीत तिच्यामागचा कारखाना. तीन फोटोंत गोष्ट उभी राहते. ड्रोनचा मात्र विचार सोडा. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि तो नौदलाचा तळही आहे. शिवाय बेट लहान, लोक मोजके. दुसऱ्या दिवशीच सगळे तुम्हाला ओळखायला लागतात, आणि कुणाच्या अंगणावर कॅमेरा रोखण्याआधी 'आंटी, काढू का?' एवढं विचारलं नाही तर तिसऱ्या दिवशी जायची सोय राहत नाही.

खरी निवड होते ती दिवाडी आणि चोडण यांच्यात. दोन्ही मांडवीत, शेजारी-शेजारी, दोन्हींकडे फेरीबोट, दोन्हींवर खाजन शेती, म्हणजे बांध घालून नदीपासून राखलेली. म्हणून अनेकांना वाटतं, कुठलंही घ्या, सारखंच. तसं नाही.

दिवाडीला इतिहास वरच दिसतो. जुन्या गोव्याहून फेरी पकडली की पलीकडे शेतं, मग चढण, टेकडीवर पिएदाद गावचं चर्च. शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलात कदंबकालीन कोरीव दगडकाम आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. बेटावर जुन्या तळीचे अवशेष उरलेत. म्हणजे इथे माणसाने निसर्ग बदललाच, शिवाय माणसाने माणसाचं केलेलं पुसून त्यावर दुसरं बांधलं. त्यात कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिचा मार्ग दिवाडीवरून जातो. भाताच्या हिरव्या पट्ट्यावरून भरावावर धावणारी गाडी आणि मागे टेकडी, ही चौकट बघताक्षणी कळते.

पण धोका नेमका इथेच आहे. दिवाडी फोटोत फार गोड दिसते. रंगवलेल्या बाल्कन्या, शेतातले बगळे, फेरीवरचा सूर्यास्त, ऑगस्टातला बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव. चार तासांत मेमरी कार्ड भरतं आणि घरी येऊन बघाल तर पर्यटन खात्याचं कॅलेंडर. दिवाडी निवडलीत तर स्वतःला एक बंधन घालून घ्या: बोंदेरा नको, सूर्यास्त नको. बंद घरं बघा. मालक मुंबईत, लिस्बनमध्ये, लंडनमध्ये, अंगणात रान. माणूस निघून गेल्यानेही भूभाग बदलतो आणि दिवाडीत ते दारोदार दिसतं. अधूनमधून पुलाची चर्चा उठते. कुणाला पूल हवा असतो, कुणाला फेरीच बरी वाटते. दोन्ही बाजूंच्या माणसांची छायाचित्रं त्यांच्या त्यांच्या घरासमोर काढली, तर ती चर्च-शेतांच्या फोटोंपेक्षा जास्त बोलतील.

चोडणला पहिल्या भेटीत हिरमोड होतो. रायबंदरहून फेरीने उतरलं की धक्क्याजवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. १९८८ मध्ये जाहीर झालेलं, १.७८ चौरस किलोमीटरचं तिवर-कांदळांचं रान. तिकीट काढून आत गेलं की चिखल, मुळं, डास. पाखरं टिपायला लांब लेन्स हवी, ती विद्यार्थ्याकडे नसते. बरेच जण इथूनच माघारी फिरतात आणि चोडणवर काट मारतात.

अभयारण्य सोडून बांधावर चला. चोडणची खरी गोष्ट तिथे आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली, बांध घालून नदीपासून सोडवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर सांगितली जाते. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात. मधे कुठेतरी मानस, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत बसवलेली लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दारं आपसूक मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. तिथे जवळ बसून चिरे बघा. नदीकडच्या दगडांवर कालवं चिकटून खरखरीत झालेली, आतल्या बाजूला बुळबुळीत शेवाळ, आणि मधे पाण्याने आखलेली काळपट रेघ. अख्ख्या बेटाचा हिशेब त्या हातभर भिंतीवर दिसतो. ड्रोनने काढलेल्या दहा फोटोंपेक्षा हा एक मोलाचा.

मानशीवर कुणी असेल तर 'काका, भरती कितीला लागते?' एवढंच विचारा. पुढचा अर्धा तास तेच बोलतील. मानशीतल्या मासळीचा लिलाव, म्हणजे पावणी, सुंगटांचा म्हणजे कोळंबीचा भाव, आणि मग हळूच भांडण. मासळीला खारं पाणी हवं, भाताला नको. दार किती वेळ उघडं ठेवायचं यावर पैसा ठरतो. पूर्वी बांधांची जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कूळसंघांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी बांध दुर्लक्षित राहिले. बांध फुटला की खारं पाणी आत, शेत पडीक, आणि काही वर्षांत त्यात तिवरं. एकदा ती माजली की परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, शेतकरी हात चोळत बसतो.

याच कारणाने मी चोडणकडे झुकतो. बाहेरून आलेल्याला ते दाट तिवरांचं रान अस्पर्श निसर्ग वाटेल, तो खूश होऊन फोटो काढेल. गावातला म्हातारा त्याच रानाकडे बोट दाखवून सांगेल की इथे कोरगुट व्हायचं. खाऱ्या जमिनीत तग धरणारं हे जुनं भात. मेमध्ये माती उकरून ढीग घालायचे, पहिल्या पावसाने मीठ धुवून काढायचं, मग मोड आलेलं बी फेकायचं. म्हणजे 'माणसाचा परिणाम' चाचपायचा तर इथे माणूस होता तेव्हाचा आणि तो हटला त्यानंतरचा, असे दोन्ही फोटो एकाच बांधावर उभं राहून मिळतात. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं काढा, पडीक झालेला एखादा तुकडा हेरा, आणि त्याच्या कडेला उभे राहा.

नदीकडे तोंड केलंत तर बार्जेस आहेतच. डिचोली-साखळीकडचं लोहखनिज मांडवीतून मुरगावला जातं. पावसाळ्यात आग्वादजवळचं मांडवीचं मुख धोक्याचं होतं तेव्हा बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्याने वळतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, वर्दळ कधी वाढली कधी घटली. बार्जेसच्या लाटांनी बांध खचतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. बार्ज गेल्यावर बांधाच्या पायथ्याशी पाणी आपटतं ते नुसतं बघायलाच नाही, ऐकायलाही जा. व्हिडिओ चालत असेल तर तोही घ्या.

आता व्यवहाराचं. दोन्ही बेटांची खरी अडचण एकच, वेळ. मांडवीत भरती-ओहोटीचा फरक उधाणाला दोन मीटरांच्या घरात जातो, त्यामुळे सकाळची जागा दुपारी ओळखू येत नाही. मुरगावचं भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. अभयारण्यातल्या बोटीला भरती लागते, चिखलावरची पाखरं आणि खेकडे हवे असतील तर ओहोटी. दिवाडीला वेळ चुकली तरी घरं आणि टेकडी आहेत. चोडणला चुकली तर दिवस गेला. फेरीला पायी जाणाऱ्याला भाडं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा जाणं परवडतं, आणि हा विषय पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय सुटत नाही. लेन्स एकच ठेवा, पस्तीस मिलिमीटरची किंवा सरळ मोबाइल. जागा ठरवून तिथूनच जूनमध्ये, सप्टेंबरात, जानेवारीत फोटो काढा. पावसात एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की काचेवर धुकं धरतं, तेव्हा तो निघण्याआधी थोडा वेळ व्हरांड्यात ठेवा. आणि कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला चिखलात उतरू नका, तिथे मगरी आहेत. फोंड्याकडे खाजनाकाठचे लोक पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात, मांगे थापणी म्हणतात तिला. गंमत म्हणून नाही.

जुव्याचं, म्हणजे सांत इस्तेव्हचं, नाव कुणीतरी काढेलच. पूल झालेला, भाजीमळे, सात शिरांची भेंडी. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी पावसाळ्यात गेलात तर हिरवाईचा ढीग मिळेल. पुलाने बेटाचं काय होतं हे दाखवायला दिवाडीशेजारी ठेवायची जोडी म्हणून उत्तम. एकटं घेतलं तर विषय पातळ होतो.

तर निवड अशी. हातात एकच शनिवार-रविवार असेल तर साव जासिंतो. माणसांशी बोलायला आवडत असेल, घरांत शिरता येत असेल, पण भरतीचे तक्ते बघायचा कंटाळा असेल तर दिवाडी. अख्खं वर्ष हातात आहे, दोघं-तिघं मिळून करताय आणि पहिल्या महिन्यात दाखवण्यासारखं काही न मिळाल्याचं सोसतं, तर चोडण. गट असेल तर एकाने बांध, एकाने मानस, एकाने नदी वाटून घ्या. प्रत्येक फोटोखाली तारखेसोबत भरती होती की ओहोटी हे लिहा. ते नसेल तर परीक्षकाला दोन फोटोंतला फरक पाण्याचा की माणसाचा, हे कळायला मार्ग नाही.