पॉलिसी बदलली आणि सात वर्षे गेली

आईचा आरोग्य विमा आम्ही ऑगस्ट २०१७ मध्ये घेतला, तेव्हा तिला दोन वर्षांपासून मधुमेह होता आणि तो आम्ही प्रस्ताव अर्जात नमूद केला होता. त्यामुळे हप्ता थोडा जास्त बसला आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी चार वर्षांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या उपचारांचे पैसे कंपनी देत नाही असा काळ, लागला. एकही दावा न करता, नियमाने हप्ते भरून आम्ही तो २०२१ मध्ये पूर्ण केला.

२०२४ पर्यंत हप्ता ३१ हजारांवर गेला आणि दरवर्षी एवढे पैसे भरून हाती काय लागते, अशी चर्चा घरात होऊ लागली. त्याच सुमारास, आमच्या गाडीचा विमा अनेक वर्षे काढून देणाऱ्या ओळखीच्या एजंटाने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी सुचवली. हप्ता साडेबावीस हजार आणि विमा रक्कम पाच लाखांऐवजी दहा लाख. "दादा, पोर्ट करून देतो, जुनी सात वर्षे जशीच्या तशी पुढे येतात," असे त्याने सांगितले. पोर्टिंगमध्ये, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता खरोखरच पुढे धरला जातो, हे मला माहीत होते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात संशय घेण्यासारखे काही वाटले नाही.

नूतनीकरणाला नऊ दिवस उरले असताना त्याने आमच्या बैठकीत बसून मोबाइलवर अर्ज भरला. "काकू, तुम्ही फक्त आलेला ओटीपी सांगा, बाकीचं मी बघतो," असे म्हणून त्याने आईकडून सहा आकडे विचारून घेतले, आणि अर्जाचा एकही रकाना आम्ही डोळ्यांखालून घातला नाही. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा, असे आमच्या जुन्या पॉलिसीच्या अटींतच छापलेले होते. नऊ दिवसांत हे कसे जमते, एवढे जरी मी विचारले असते तरी पुढचे बरेच टळले असते. दोन दिवसांनी कंपनीतून फोन आला. अर्जातील आरोग्यविषयक माहिती बरोबर आहे ना, या प्रश्नाला मी "हो" म्हणालो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आईच्या पायाला झालेली जखम चिघळली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. दाखल करून घेताना डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, आणि केसपेपरवर 'मधुमेह, दहा वर्षांपासून' अशी नोंद झाली. त्याच ओळीवर बोट ठेवून कंपनीने कॅशलेस नाकारले आणि पुढे, आजार लपवल्याच्या कारणावरून, पॉलिसीच रद्द केली. दोन लाख ८४ हजारांचे बिल मी मुदत ठेव मोडून भरले.

त्यानंतर अर्जाची प्रत मागवली. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' होते, आणि आधीच्या पॉलिसीच्या तपशिलाची जागा कोरी होती. म्हणजे पोर्टिंग झालेच नव्हते. नवी कोरी पॉलिसी काढून जुनी परस्पर बंद पडू दिली होती. पोर्टिंगमध्ये नवी कंपनी जुन्या कंपनीकडून माहिती मागवते, आजार समोर येतो आणि प्रस्ताव नाकारलाही जाऊ शकतो. एजंटाला तो धोका नको होता, म्हणून त्याने आमचा मधुमेह पुसून टाकला, असाच याचा अर्थ मी लावतो. विचारले तेव्हा त्याने, तुम्हीच हप्ता कमी करा म्हणालात, असे उत्तर दिले.

सगळ्यात वाईट याचे वाटते की पॉलिसीची पीडीएफ फाइल माझ्या ईमेलमध्ये पहिल्या आठवड्यापासून पडून होती. तिच्या पहिल्याच पानावर 'प्रथम समावेशाची तारीख' या अर्थाचा इंग्रजी रकाना आहे. जुन्या पॉलिसीत तिथे ११ ऑगस्ट २०१७ होते, नव्या पॉलिसीत ११ ऑगस्ट २०२४. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, आणि जुनी पॉलिसीही उशिरा हप्ता भरण्यासाठी मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीत पुन्हा चालू करता आली असती. ज्यांनी अलीकडे कंपनी बदलली आहे, त्यांनी आजच ही तारीख आणि आजारांचा रकाना पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हप्ता महाग की स्वस्त, हे ठरवताना आम्ही त्या एका वर्षाचा आकडा पाहिला. मधुमेही माणसाच्या पॉलिसीत भरून झालेला प्रतीक्षा काळ हीच मोठी ठेव असते. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झाले की, सिद्ध झालेली लबाडी वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही दोन्ही संरक्षणे आईकडे होती, आणि ती साडेआठ हजार रुपयांच्या बचतीसाठी गेली.

कंपनीकडे केलेली तक्रार फेटाळली गेल्यावर मी विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. फोनवरचे माझे "हो" मात्र कंपनीकडे ध्वनिमुद्रित आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आईसाठी पुन्हा पॉलिसी घेतली, या वेळी प्रत्येक रकाना मी स्वतः भरला. हप्ता पूर्वीपेक्षा जास्त आहे, आणि मधुमेहाचा तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ सप्टेंबर २०२८ मध्ये संपेल. तेव्हा ती ६९ वर्षांची असेल.