उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी: झारी की ठिबक?

कुंड्या दहा-बाराच असतील आणि रोज सकाळी तुम्ही घरी असाल, तर ठिबकच्या खटाटोपात पडू नका. कुंड्या पंचवीस-तीसच्या पुढे गेल्या असतील किंवा ऐन उन्हाळ्यात चार दिवस बाहेरगावी जायचं असेल, तर मात्र ठिबक बसवाच.

माझा जीव झारीत जास्त आहे, कारण झारी हातात असली की झाडाकडे लक्ष जातं. जास्वंदीला पाणी घालताना सहज एखादं पान उलटून बघितलं जातं आणि पिठ्या ढेकूण या किडीचा पहिला पांढरा कापूस तिथेच सापडतो. लाल कोळी ही बारीक कीड तर कोरड्या उन्हातच फोफावते. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पानांची खालची बाजू पाण्याने खसखसून धुवायची. शिवाय तापलेल्या मातीत पाणी मुरताना वर येणारे बुडबुडे आणि तो वास! सकाळची ती वीस मिनिटं मला सोडवत नाहीत.

झारीचा दोष एकच, आपली घाई. वरची माती काळी दिसली की आपण पुढच्या कुंडीकडे वळतो. त्यात मातीत मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कडकडीत वाळलं असेल, तर पाणी कडेने उतरून खालच्या भोकातून निघून जातं, मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

ठिबकचं पाणी सावकाश, थेंबाथेंबाने मुरतं. ताशी २ लिटरचा ड्रिपर (कुंडीत थेंब सोडणारी छोटी तोटी) अर्धा तास चालला की कुंडीला १ लिटर मिळतं. टायमर लावला की पहाटेचं पाणी चुकत नाही. पण क्षारांनी ड्रिपर तुंबतात. मागच्या उन्हाळ्यात मी चार दिवसांनी परतले तेव्हा बाकी बाग हिरवीगार होती आणि एकच टोमॅटो करपला होता, त्याचा ड्रिपर बंद पडला होता. म्हणून फिल्टर हवाच, आणि निघण्याआधी प्रत्येक ड्रिपर डोळ्यांनी बघावा. पाण्याचा दाबही तपासा. बहुतेक ड्रिपर १ बारच्या आसपासच्या दाबासाठी बनवलेले असतात. १ मीटर उंचीवरच्या पिंपातून जेमतेम ०.१ बार मिळतो, मग कुठे पाणी जास्त पडतं, कुठे कमी.

काहीही निवडा, मातीवर दोन-तीन इंच वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. त्याने पाण्याची निम्मी काळजी मिटते. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी तेव्हा पानांतून उडत असतं. बोट दोन इंच आत घालून बघा. माती ओली असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं.

मी मोठ्या कुंड्या ठिबकवर सोडल्या आहेत. रोपं आणि जास्वंद अजून झारीवरच आहेत.