दुआ लिपाचा 'रॅडिकल ऑप्टिमिझम': ब्रेकअप झालं, पण रडारड नाही

आधीच सांगते, ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपाच्या आधीच्या 'फ्युचर नॉस्टॅल्जिया' अल्बमची सर या अल्बमला नाही. तो २०२० च्या मार्चमध्ये ऐन लॉकडाऊनच्या तोंडावर आला होता आणि घरात कोंडलेल्या सगळ्यांना नाचवून गेला. हा ३ मे २०२४ ला आला, म्हणजे आमच्याकडे देवगडात हापूसच्या पेट्या भरायची घाई आणि अंगाला घामाच्या धारा, तरी पॅकिंगला बसलो की स्पीकरवर सध्या हाच चालू असतो.

कव्हर बघितलंत ना? बाई समुद्रात उभी आणि बाजूला पाण्यावर शार्कचा पर, आणि हिच्या चेहऱ्यावर टेन्शन झीरो. (आमच्या घरात फोटो बघून पहिला प्रश्न आला की मोरी, म्हणजे आमच्या भाषेत शार्क, केवढी असेल आणि मटण किती पडेल, असो.) पण अल्बमचा सगळा मूड त्या फोटोतच आहे, संकट समोर आहे हे दिसतंय पण त्यासाठी किंचाळत बसायचं नाही.

मला आवडलं ते हे की 'तू करू शकतेस, ऊठ' टाइप भाषण कुठेच नाही. 'ट्रेनिंग सीझन'मध्ये ती एवढंच म्हणते की पुरुषांना शिकवून शिकवून तयार करायचं काम आता बंद. 'मारिया' तर कमालच आहे, बॉयफ्रेंडच्या आधीच्या गर्लफ्रेंडला थँक्यू म्हणते की बाई तुझ्यामुळे हा माणूस सुधारलेला मिळाला मला, असं गाणं आपल्याकडे कोण लिहिणार सांगा, आपल्याकडे सवत म्हटली की एक तर झिंज्या उपटायच्या नाहीतर विहिरीत ढकलायची. आणि शेवटचं 'हॅपी फॉर यू', एक्सला नव्या मुलीबरोबर बघून खरंच बरं वाटतं तिला. टोमणा नाही, खोटं हसू नाही. एम्पॉवरिंग म्हणतात ते मला तरी इथे दिसलं.

आता तक्रार. टेम इम्पाला या ऑस्ट्रेलियन बँडचा केविन पार्कर आणि डॅनी एल हार्ल प्रोड्यूसर म्हटल्यावर, आणि सायकेडेलिक (गुंगवून टाकणारं, स्वप्नातल्यासारखं) नि ब्रिटपॉप (नव्वदीतलं ब्रिटिश गिटार-पॉप) असं सगळं तिने आधी गाजवल्यावर, काहीतरी वेडं ऐकायला मिळेल वाटलेलं. 'हुदिनी'चा बेस सोडला तर तसं फार काही सापडत नाही, सगळं छान घासूनपुसून सेफ. त्यात ११ गाण्यांपैकी 'हुदिनी', 'ट्रेनिंग सीझन' आणि 'इल्यूजन' ही ३ आधीच ऐकून झालेली, हुदिनी तर नोव्हेंबर २०२३ पासून. 'फॉलिंग फॉरेव्हर'मध्ये आवाज नुसता ताणलाय, मी स्किप करते. 'एनीथिंग फॉर लव्ह' पियानोवर इतकं सुंदर सुरू होतं आणि मध्येच बीट घुसतो, का बाबा??

आईला इंग्लिश शब्द कळत नाहीत पण 'इल्यूजन' लागलं की ती पेंढा ठेवता ठेवता मान डोलावते, "ह्यां बरां आसा गो, ह्यां परत लाव" म्हणाली.

एकूण ३६ मिनिटांचा आहे, मुंबई-गोवा हायवेवरच्या नांदगाव तिठ्यावरून देवगड यायच्या आत संपतो. मुंबईकरांनो, मे महिन्यात गावी येताय तर आधीच डाउनलोड करून ठेवा, घाटात रेंज गेली की 'हुदिनी' त्या नावाच्या जादूगारासारखा खरोखरच गायब होतो. माझ्याकडून ५ पैकी ३.५, त्यातला तो अर्धा एकट्या मारियाचा.