एचपीव्ही: मोठेपणी लस घ्यावी की आधी तपासणी करावी?

"लग्न होऊन आठ वर्षं झाली, मूल आहे, वय तेहतीस. आता ही लस घेऊन उपयोग आहे का?" स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. ही लस एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूविरुद्धची. विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा दोनच पर्याय असतात: लस घ्यायची किंवा नाही घ्यायची. तिसरा पर्याय, म्हणजे एचपीव्हीची तपासणी, तिला कोणी सांगितलेलाच नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांच्याही आत निघाल्या. म्हणून या लेखात लसीसमोर लस ठेवण्याआधी लसीसमोर तपासणी ठेवते आहे.

माझं मत आधीच सांगते. वय 26 च्या आत असेल तर लस घ्या, थांबू नका. तिशी ओलांडली असेल तर आधी तपासणी करा, लसीचा विचार त्यानंतर. दोन्ही जमत असेल तर उत्तमच, पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तिशीनंतर ते तपासणीवर खर्च करावेत.

हा विषाणू पसरतो कसा

निर्णय याच माहितीवर उभा आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. एचपीव्ही रक्तातून पसरत नाही. तो त्वचेच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या पेशींत राहतो आणि जननेंद्रियांच्या भागातल्या त्वचेचा त्वचेशी संबंध आला की पसरतो. त्यासाठी पूर्ण संभोग व्हायलाच हवा असं नाही. मुखमैथुन आणि गुदमैथुनातूनही तो जातो. कंडोमने धोका कमी होतो, पण कंडोमने न झाकलेली त्वचा उघडीच राहते, म्हणून संरक्षण अर्धवट. ऑफिसातल्या किंवा एसटी स्टँडवरच्या संडासाची धास्ती मात्र घेऊ नका.

लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एखाद्या प्रकारच्या एचपीव्हीची लागण होतेच. त्यातल्या सुमारे 90 टक्के लागणी एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निस्तरतं, काही कळतही नाही. उरलेल्या थोड्यांमध्ये विषाणू ठाण मांडून बसतो. तो 16 किंवा 18 क्रमांकाच्या प्रकारासारखा धोकादायक असेल, तर पेशींत बदल होत होत साधारण 15 ते 20 वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्याहून लवकर. म्हणजे वाट लांबची आहे, आणि त्या वाटेवर त्याला गाठायला भरपूर वेळ मिळतो. तपासणीचं सगळं बळ या वेळेत आहे.

एक गोष्ट इथे ठासून सांगायची आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न येतो, "कुणाकडून आला?" सासरच्या माणसांसमोर तोंड लपवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि नवऱ्यावर संशय घेऊन माहेरी निघून गेलेल्याही. रिपोर्ट या प्रश्नाचं उत्तर देत नाही, देऊ शकतच नाही. लागण मागच्या महिन्यातली असेल किंवा लग्नाआधीची, दोघांपैकी कोणाचीही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर तपासणीत दिसू शकतो. हीच गोष्ट उलटीही खरी आहे: "माझा संबंध फक्त नवऱ्याशी, मला कशाला हवी तपासणी" हा हिशेब चुकतो, कारण लागण होण्यात त्याचा भूतकाळही धरावा लागतो.

लस मोठेपणी किती काम करते

लसीत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखी प्रथिनांची रचना असते. त्यामुळे लसीतून लागण होत नाही. आणि झालेली लागण लसीने बरीही होत नाही. लस पुढे होणारी लागण अडवते, म्हणून विषाणूशी गाठ पडण्याआधी ती घेतली तर फायदा सगळ्यात मोठा.

हा फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो. स्वीडनमध्ये 2006 ते 2017 या काळातल्या सुमारे 16.7 लाख मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या गेल्या, 2020 मध्ये निष्कर्ष छापून आले. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग, लस न घेतलेल्यांच्या तुलनेत 88 टक्क्यांनी कमी होता. 17 ते 30 या वयात घेतलेल्यांत 53 टक्क्यांनी. "आता उशीर झाला" म्हणणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला मी हा दुसरा आकडा दाखवते. निम्म्याहून जास्त धोका टळणं ही सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

त्यापुढच्या वयाचं चित्र वेगळं आहे. 24 ते 45 वयाच्या सुमारे 3,800 स्त्रियांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, लसीतल्या प्रकारांची लागण आधी नसलेल्या आणि तिन्ही डोस घेतलेल्या स्त्रियांना सुमारे 89 टक्के संरक्षण मिळालं. आधी लागण असलेल्या, डोस अर्धवट राहिलेल्या अशा सगळ्यांना धरून हिशेब केला तेव्हा तेच 47 टक्क्यांवर आलं. हे संरक्षण टिकून राहणाऱ्या लागणीपासून आणि तिच्यातून होणाऱ्या बदलांपासूनचं आहे, इतक्या थोड्या वर्षांत कर्करोग मोजता येत नाही. तुम्ही या दोन आकड्यांच्या मध्ये नेमक्या कुठे बसता हे बाहेरून सांगता येत नाही. अमेरिकेने 2018 मध्ये लसीची मंजुरी 45 वर्षांपर्यंत वाढवली खरी, पण 2019 मध्ये तिथल्याच सल्लागार समितीने 27 ते 45 या वयात सरसकट सगळ्यांना लस द्यावी असं म्हटलं नाही. डॉक्टर आणि त्या व्यक्तीने मिळून ठरवावं, असा सल्ला दिला. मला तो रास्त वाटतो.

तपासणी काय देते

याचं उत्तर परदेशात शोधायला नको, आपल्या मराठवाड्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. निष्कर्ष 2009 मध्ये आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी एकदाच केली आणि गरज लागली त्यांना उपचार दिले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात 64 झाले. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि तेही खेड्यापाड्यांतल्या, त्याआधी कधीच तपासणी न झालेल्या बायकांमध्ये. तिशीनंतर तपासणी आधी, असं मी म्हणते ते मुख्यतः या अभ्यासामुळे.

तपासणीचे तीन प्रकार भेटतील. सरकारी आरोग्य केंद्रात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए असते: पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग उठतात का ते बघतात. पैसे लागत नाहीत, निकाल तिथल्या तिथे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. पाळी गेल्यावर मात्र बघायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयए तितकी भरवशाची राहत नाही. पॅप स्मिअरमध्ये पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ती साधारण तीन वर्षांनी करावी लागते. एचपीव्ही चाचणी थेट विषाणू शोधते, तिशीनंतर निगेटिव्ह आली की पुढची पाच वर्षांनी. परवडत असेल तर मी हीच निवडायला सांगेन.

बायका घाबरतात ती तपासणीच्या टेबलाला. तिथे प्रत्यक्षात घडतं ते एवढं: पाय दुमडून झोपायचं, डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) सरकवतात, एक छोटा मऊ ब्रश पिशवीच्या तोंडावर फिरवतात आणि द्रव भरलेल्या बाटलीत बुडवतात. दाब जाणवतो, कधी चिमटा बसल्यासारखं होतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत उठून साडी नेसता येते. पाळीचे दिवस टाळून जा. टेबलावर झोपणं नकोच वाटत असेल तर स्वतःच नमुना घ्यायची सोय आहे का ते लॅबला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने तो मार्ग मान्य केला आहे आणि आपल्याकडेही काही लॅब तसा ब्रश देतात.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगाच्या यंत्रातून जवळून बघणं, आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणं. बदल झालेल्या पेशी आढळल्या तर तेवढाच भाग उष्णतेने नष्ट करतात किंवा काढून टाकतात, बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येतं. "पॉझिटिव्ह आहे, पिशवीच काढून टाका" असा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

कोणती लस

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक 2022 मध्ये मंजूर झाली आणि 2023 च्या जानेवारीत बाजारात आली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर चालते. गार्डासिल 9 ही दुसरी लस त्या चारांसोबत आणखी पाच प्रकार रोखते. बाजारात आल्या तेव्हा सर्वाव्हॅकचा एक डोस दोन हजारांच्या आसपास होता, गार्डासिल 9 चा दहा हजारांच्या पुढे. घेण्याआधी मेडिकलमध्ये आजचा भाव विचारा. भारतात या कर्करोगाच्या साधारण 80 टक्के रुग्णांमागे 16 आणि 18 हे दोनच प्रकार असतात, आणि ते दोन्ही लसींत आहेत. नऊ प्रकारांची लस जास्त देते यात शंका नाही. पण त्या वेळच्या भावाने तिच्या एका डोसच्या पैशात सर्वाव्हॅकचे तिन्ही डोस होत होते, वर तपासणीलाही काही उरत होतं. महागडी परवडत नाही म्हणून लसच न घेणं, हा सगळ्यात वाईट पर्याय.

सर्वाव्हॅकची मंजुरी 9 ते 26 वयाची आहे, मुलगे आणि मुली दोघांसाठी. त्यापुढचं वय असेल तर कोणती लस द्यायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पंधरा वर्षांनंतर छापील वेळापत्रक तीन डोसचं आहे: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटना एकविशीनंतर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसही पुरेसे मानते. "एकच डोस पुरतो" असं ऐकलं असेल, त्यामागचा एक महत्त्वाचा पुरावा भारतातला आहे. 2009 मध्ये सुरू झालेला अभ्यास 2010 मध्ये सरकारी आदेशाने मध्येच थांबला, अनेक मुलींना एकच डोस मिळाला, आणि दहा वर्षांनीही त्या एका डोसचं संरक्षण टिकलेलं दिसलं. पण त्या मुली 10 ते 18 वर्षांच्या होत्या. पस्तिशीच्या बाईने त्यावर विसंबू नये.

दंड दुखणं, थोडा ताप, कधी चक्कर, एवढा त्रास होऊ शकतो, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. गरोदरपणात लस घेत नाहीत, मध्येच दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर. अंगावर पाजत असाल तर अडचण नाही.

कोणी काय करावं

तेवीस वर्षांची, स्थळं बघणं चालू असलेली मुलगी: लस, लग्नाआधी सुरू केलेली बरी. संबंध आले असतील तरीही घ्यावी, सगळ्या प्रकारांची लागण एकदम झालेली असण्याची शक्यता फार कमी. लसीआधी चाचणीची गरज नाही. तपासणी तिशीला सुरू करायची, लस घेतली असली तरी.

चौतिशीची, वर्षानुवर्षं एकच जोडीदार असलेली: तपासणी. लस ऐच्छिक, न घेतल्याची रुखरुख नको. तीच बाई घटस्फोटानंतर किंवा नवऱ्याच्या निधनानंतर पुन्हा लग्न करणार असेल तर माझा सल्ला बदलतो, कारण नव्या जोडीदाराबरोबर नवी लागण शक्य असते. तिने तपासणी करावीच, आणि लसीवर खर्च केला तर तो वाया जाणार नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांनी तपासणी पंचविशीपासून आणि तीन ते पाच वर्षांनी करावी. लसीचे डोसही शक्यतो तीन.

पुरुषांसाठी अशी नेहमीची एचपीव्ही तपासणी नाही, म्हणून त्यांच्याकडे लस एवढंच साधन आहे. घसा, गुदद्वार आणि शिश्नाचे काही कर्करोग याच विषाणूमुळे होतात, जननेंद्रियावरच्या चामखिळीही. सव्विशीच्या आतल्या मुलाने घ्यावी. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांना बायकांच्या लसीकरणाचा आडून मिळणारा फायदा मिळत नाही. इंग्लंडमध्ये त्यांना 45 वर्षांपर्यंत लस दिली जाते, आपल्याकडे हा विषय डॉक्टरांसमोर स्वतःच काढावा लागेल.

संबंधांनंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसत असेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात छत्तिशीची आई आणि अकरा वर्षांची मुलगी दोघी असतील, तर लसीचे पैसे मुलीवर खर्च करा. तिला दोनच डोस लागतात. आईने त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, स्वतःच्या तपासणीची वेळ घ्यावी.