माहिती पुसण्याचे ४,२०० रुपये

लोन अ‍ॅपवाले कसे लुबाडतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, सगळं रामायण सांगत बसत नाही. मेसेजमधल्या लिंकवरून घेतलेलं अ‍ॅप, ८,००० चं कर्ज, प्रोसेसिंग फी कापून हातात ५,२००, मुदत सात दिवस. सहाव्याच दिवशी मी पूर्ण ८,००० भरले. चाकणला कंपनीत पगार अकरा दिवस लांबला होता आणि फीसाठी शाळेने मुलीला दोनदा वर्गात उभं केलं होतं. अक्कल शिकवायला येणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

डोक्यात जातं ते वेगळंच. अ‍ॅप उघडताच फोनने मला चक्क मराठीत विचारलं होतं, संपर्क पाहू द्यायचे का? अहो, पतपेढीसुद्धा दोन जामीनदारांवर भागवते. हे फोनमधले सगळे ६१४ संपर्क मागत होते! आणि मी 'अनुमती द्या' दाबलं. त्यांची प्रायव्हसी पॉलिसी नंतर वाचली, तर त्यात 'तुमच्या हॉटेल बुकिंगची माहिती' गोळा करू असं लिहिलेलं. कुठून तरी उचलून चिकटवलेली.

पैसे 'सिस्टिमला दिसत नाहीत' म्हणून ३,५०० दंड. तोही भरला. मग केवायसीचा माझा सेल्फी, खाली लाल अक्षरांत 'चोर', गेला मावशीला, गॅसवाल्याला, मुलीच्या व्हॅनवाल्या काकांना. शेवटी एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "सर, सर्व्हरवरून कॉन्टॅक्ट डिलीट करायचा चार्ज ४,२००." भरले. हो, भरले! दुसऱ्या दिवशी नव्या नंबरवरून पुन्हा तेच. गेले १५,७००, मिळाले होते ५,२००.

(अ‍ॅप काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मी रागात आधी अ‍ॅप उडवलं. अ‍ॅप काढलं तरी त्यांच्याकडे गेलेली संपर्कांची यादी काही परत येत नाही.)

चौकीत साहेब म्हणाले, "परवानगी तुम्हीच दिली, पैसे तुम्हीच पाठवले, मग फसवणूक कसली?" सायबर पोलिसांकडे जा म्हणे. सायबरवाले म्हणाले, हद्दीतल्या ठाण्यात जा. बँकेत उत्तर एकच, पिन तुम्हीच टाकलाय. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी घ्यायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. त्याची प्रिंट काढून चौकीत नेली. साहेबांनी कागद उलटा केला आणि पाठीवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. त्या नंबरवर आजतागायत फोन नाही. माहिती पुसून मागायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलाय म्हणे. मागू कोणाकडे? अ‍ॅपवरच्या ईमेलवर लिहिलेलं पत्र दोन मिनिटांत परत आलं.

कर्ज नेमकं कोणत्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेली, पण कर्ज देणारी नोंदणीकृत वित्त कंपनी), हे अ‍ॅप सांगत नसेल तर तिथेच बंद करा. पैसे गेले की लाजत बसू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी तीन दिवस लाजलो. आणि डिलीट करायचे पैसे मागणारा डिलीट करत नसतो.

व्हॅनवाले काका त्या फोटोबद्दल अवाक्षर बोललेले नाहीत. फक्त या महिन्यापासून भाडं आगाऊ मागतात.