खटका की फिरकी? कार्बनचा ट्रायपॉड घेण्याआधी

भाचा इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सला आहे. गेल्या रविवारी शेव-उसळ खाता खाता त्याने विचारलं, "मामा, कार्बनचा ट्रायपॉड घेतोय. पुन्हा पुन्हा घ्यायची काही ऐपत नाही माझी. खटक्याचा घेऊ की फिरकीचा?" पोराने प्रश्न बरोबर विचारला. बहुतेक जण कंपनीपासून सुरुवात करतात आणि लॉककडे, म्हणजे पायाच्या नळ्या जागेवर धरणाऱ्या खटक्यांकडे किंवा पीळ देऊन आवळायच्या फिरक्यांकडे, सगळ्यात शेवटी बघतात. माझा पहिला ट्रायपॉड मीही तसाच घेतला होता.

उंची, वजन वगैरे आकडे इथे देत नाही, ते खोक्यावर छापलेले असतात. फक्त 'इतके किलो पेलतो' या आकड्यावर फार विसंबू नका. तो मोजायची सगळ्यांनी मानलेली एकच पद्धत नाही, जो तो आपल्या काट्याने मोजतो. मी वरच्या नळीची जाडी बघतो. मिररलेस बॉडी आणि १००-४०० सारखी झूम लेन्स असेल तर २८ मिलिमीटरच्या आसपास भागतं. ६०० ची मोठी प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावणार असाल तर ३२ च्या खाली उतरू नये, असं माझं मत.

आता टिकण्याचं. जिट्झो कंपनीने कार्बन फायबरचे ट्रायपॉड १९९४ साली आणले, म्हणजे ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कार्बनची नळी गंजत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमसारखा तिला पोचाही पडत नाही. तिचं वैर आहे ते आडव्या टोकदार माराशी. दगडाच्या कडेवर जोरात आपटली तर ती वाकत नाही, चिरते. पण हे क्वचित. एरवी बिघडतं ते नळीच्या टोकांना: धातूचा भाग नळीला जिथे गोंदाने चिकटवलेला असतो तो सांधा, रबरी बूट आणि लॉक. त्यातही लॉक आधी. म्हणून कार्बनचा ट्रायपॉड किती टिकेल या प्रश्नाचा अर्थ बराचसा लॉक किती टिकेल असाच होतो.

माझ्याकडे दोन्ही आहेत. पहिला खटक्याचा, म्हणजे फ्लिप लॉकवाला, तीन भागांचा (प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या), एकूण सहा खटके. दुसरा फिरकीचा, ट्विस्ट लॉकवाला, चार भागांचा, एकूण नऊ फिरक्या. दोन्हींची नळी जवळपास सारख्याच जाडीची, त्यामुळे तुलना तशी बरोबरीची आहे.

खटक्याचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. बडोद्यातल्या काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थंडीच्या सकाळी जा. खाली विश्वामित्री नदीच्या काठावर मगर उन्हात येऊन पडलेली दिसते. अशा वेळी टक टक टक करून पाय उघडता येतात. लॉक लागलंय की नाही हे चार पावलांवरून दिसतं. दुसऱ्याच्या हातात दिला तर शिकवावं लागत नाही. (पुलावर कार्बन आहे की अ‍ॅल्युमिनियम याने काही फरक पडत नाही, हेही सांगून ठेवतो. बस गेली की पूलच हलतो. बस जाऊ द्यायची आणि मग शटर दाबायचं.)

खटक्याचा एक छोटा त्रास मात्र आमच्या गावचाच. उत्तरायणला गच्चीवर ट्रायपॉड लावला की दुपारपर्यंत प्रत्येक खटक्यात मांजा अडकलेला असतो. पाय गुंडाळले की तो आत ओढला जातो, आणि काढताना बोट कापतं. फिरकीला अडकायला काही बाहेर आलेलंच नसतं. पण वर्षातल्या दोन दिवसांसाठी कुणी ट्रायपॉड बदलत नाही. मीही बदलला नसता.

बदलला तो जांबुघोड्याच्या जंगलातल्या एका रात्रीमुळे. मोहाच्या एका झाडावर ध्रुवताऱ्याभोवतीची ताऱ्यांची वर्तुळं घ्यायची होती. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम बावीस अंशांवर, त्यामुळे झाड आणि तारा एका चौकटीत सहज बसतात. तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम लावून दिल्या आणि दोन तास थर्मासमधला चहा पीत बसलो. घरी येऊन दोनशेच्या वर फ्रेम एकावर एक ठेवल्या, तर वर्तुळांच्या जागी जिने! तारे पायऱ्या उतरत होते. पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी लावून बघितली, तेव्हा मोहाचं झाड चौकटीत वर सरकलेलं दिसलं. म्हणजे लेन्सखालचा पाय आत जात होता, एकदम नाही, दर थोड्या वेळाने केसभर. दुसऱ्या दिवशी त्याच पायावर हाताने भार दिला. खटका नीट लागलेला, आणि पाय सावकाश, अगदी अदबीने, खाली गेला.

खटक्याची पकड एका छोट्या स्क्रूवर असते. तो दर काही महिन्यांनी एलन कीने (षटकोनी किल्लीने) पाव आटा आवळावा लागतो. हे मला माहीत होतं, मी आवळतही होतो. पण प्लॅस्टिक सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू दबतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत काय होतं ते सांगायला नको. त्या दिवशी ट्रायपॉड दुपारभर डिकीतच होता. त्याने झालं असेल असा माझा आपला अंदाज आहे, पुरावा नाही.

खटक्याच्या ट्रायपॉडच्या पायाला एलन की अडकवून दिलेली असते. माझी केव्हाच कुठल्याशा गवतात पडली होती. रावपुऱ्यात एका सायकलवाल्याकडून मापाची मिळाली, आणि मी रागाच्या भरात नको तितकं आवळलं. प्लॅस्टिकमधले आटे गेले. तो एवढासा खटका मागवायला गेलो, तर ते मॉडेल बंद झालेलं आणि सुटे भागही नाहीत. नळ्या नव्यासारख्या, सांधे घट्ट, आणि सहातला एक खटका निकामी. आवळायची घाई माझी होती हे कबूल. पण आपल्या हाताने उघडून बघता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि बिघडलंय हे फोटो खराब झाल्यावरच कळतं, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मग फिरकीचा घेतला. त्याचीही गाऱ्हाणी आहेत. वढवाण्याच्या तलावावर गेलात तर कळेल. डभोईजवळचा हा तलाव सयाजीरावांच्या काळातला, १९१० चा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. २०२१ मध्ये तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला आणि थंडीत तिथे पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात. पक्ष्यांच्या नजरेच्या उंचीवर कॅमेरा आणायचा तर काठावरच्या गाळात पाय रोवावेच लागतात. तिथून परत आलो आणि फिरकी फिरवली की कर्र कर्र. दाढेखाली खडा यावा तसा अंगावर काटा येतो.

पण उपाय हाताशी आहे आणि हत्यार लागत नाही. फिरकी पूर्ण सोडायची, नळी ओढून काढायची. तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या सोडवायच्या. सगळं साध्या पाण्यात धुऊन जुन्या टूथब्रशने आटे घासायचे आणि सावलीत सुकवायचं. ग्रीस लावायचंच तर बोटाला पुसट लागेल इतकं, जास्त झालं की तेच वाळू धरून ठेवतं. पहिल्या वेळी मी पट्ट्या उलट्या बसवल्या आणि पायाचा खालचा भाग हातात आला. आता तिन्ही पाय अर्ध्या तासात होतात. घरातून "अहो, हा ब्रश नेमका कुणाचा?" अशी चौकशी तेवढी होते.

दुसरं गाऱ्हाणं, फिरकी लागली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. अंधारात एखादी राहून जाते. मी खालून वर एका ठरलेल्या क्रमाने जातो आणि शेवटी प्रत्येक पायावर तळहाताने दाब देतो. सुरुवातीला हे काम वाटलं, आता हातच करतो. उघडताना मात्र मौज आहे. पाय मिटलेला असला की एका पायाच्या तिन्ही फिरक्या एका मुठीत येतात, अर्धा पीळ दिला की तिन्ही सैल. वेगाचा जो फरक सांगतात तो सवयीनंतर मला तरी फारसा उरलेला दिसत नाही. फक्त नळी स्वतःभोवती फिरणार नाही अशा बनावटीचाच घ्या. जुन्या सेकंडहँड मालात नळी फिरते, आणि मग फिरक्या क्रमाने सोडाव्या लागतात. ते डोकं खातं.

थोडं इकडचं तिकडचं. मधला दांडा काढता येत असेल तर उत्तम, नसेल तर निदान वर करू नका. दांडा वर केला की तीन पायांच्या ट्रायपॉडचा एका पायाचा होतो. पाच भागांचे पाय बॅगेत छान मावतात, पण शेवटची नळी करंगळीएवढी असते. आणि कार्बन घ्यावा की नाही यावर अजून मन डोलत असेल, तर थंडीत हात गारठत नाहीत वगैरे परदेशी कौतुक सोडा. दुपारी चांपानेरच्या दगडी आवारात अर्धा तास उभा केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पाय उघड्या हाताने उचलून बघा, काय म्हणतो ते कळेल.

म्हणजे खटका वाईटच असं नाही. धातूचे खटके असतील, सुटे भाग मिळायची खात्री असेल, आणि तुम्ही बहुतेक काम लग्नाच्या हॉलमध्ये किंवा स्टुडिओत करत असाल, तर खटकाच घ्या, सुखी राहाल. एका ट्रायपॉडवर तीन माणसं काम करत असतील तरीही खटका. भाचा नदीत उतरणारा, पावागडच्या पायथ्याशी पहाटे चारला जाऊन बसणारा. त्याला मी फिरकीचा, चार भागांचा सांगितला. दुकानात घेण्याआधी एक फिरकी पूर्ण सोडून नळी बाहेर काढून दाखवायला सांग, असंही बजावलं. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

माझा खटक्याचा टाकून दिलेला नाही. आटे गेलेला खटका टेपने बांधून तो सासूबाईंकडे दिलाय. त्यांच्या हार्मोनियमच्या क्लासचा मोबाइल त्यावर असतो. पाय एकदा उघडून ठेवलेत ते ठेवलेत, कुणी हात लावत नाही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, "अहो, व्हिडिओत पेटी खाली गेलेली दिसतेय हो." मग मी एलन की खिशात टाकून निघतो.